शंका-समाधान : उपग्रहचित्रातल्या काळ्या फटी

गेल्या अंकात जुन्या उपग्रहचित्रांवरून तालुक्याचा नकाशा कसा करावा, हे दिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली निम्म्याहून अधिक पत्रं लँडसॅट ७ या अमेरिकी उपग्रहाच्या चित्रांतल्या काळ्या पट्ट्यांबद्दल आहेत. म्हणून हा भाग त्यांनाच दिला आहे. शेवटचे दोन प्रश्न वेगळे आहेत, पण तेही चित्रातल्या रिकाम्या जागांबद्दलच आहेत.

प्रश्न : पट्टे फक्त कडेला का दिसतात? मधला भाग स्वच्छ कसा राहतो?
— भूगोलाचे शिक्षक, वाई

लँडसॅट ७ चा कॅमेरा आपल्या मोबाइलसारखा एका झटक्यात फोटो काढायचा नाही. तो अंगण झाडावं तसा जमीन झाडत पुढे जायचा. त्यातला आरसा उपग्रहाच्या वाटेला आडवा हलायचा, एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे. प्रत्येक फेरीत तो ३० मीटरच्या १६ ओळी टिपायचा, म्हणजे ४८० मीटरची एक पट्टी. पण आरसा हलत असताना उपग्रह पुढे सरकतच असायचा. त्यामुळे पट्ट्या एकमेकींना समांतर पडायच्या नाहीत, शिलाई मशीनच्या झिगझॅग टाक्यासारख्या पडायच्या. हा तिरकेपणा सावरायला दोन छोट्या आरशांची जोडी होती. तिचं नाव स्कॅन लाइन करेक्टर. एप्रिल १९९९ मध्ये सोडलेल्या या उपग्रहातली ही जोडी ३१ मे २००३ ला बंद पडली आणि पुन्हा चालू झाली नाही.

झिगझॅग टाका डोळ्यांसमोर आणा. कडेला जिथे धागा वळतो, तिथे एका बाजूला दोन टाके एकमेकांवर येतात आणि लगेच पुढे मोठी जागा सुटते. मधोमध मात्र टाके सारख्या अंतरावर असतात. म्हणूनच चित्राच्या मध्यभागी सुमारे २२ किलोमीटर रुंदीचा भाग जवळजवळ अखंड मिळतो, आणि कडेकडे जाताना फट रुंदावत सुमारे १४ पिक्सेल (चित्राचे ३०-३० मीटरचे ठिपके), म्हणजे ४२० मीटरपर्यंत जाते. एका जाण्यायेण्याच्या ३२ ओळींपैकी कडेला १४ जातात आणि मध्यभागी शून्य. सरासरी काढली तर २२ टक्के. एकेका चित्रात इतका भाग गेला, असं जे सर्वत्र वाचायला मिळतं ते याच हिशेबातून पडताळता येतं.

एक उपयोगाची गोष्ट लक्षात ठेवा. फटी प्रत्येक चित्रात नेमक्या त्याच जागी पडत नाहीत, थोड्या सरकतात. पुढचे सगळे उपाय यावरच उभे आहेत.

प्रश्न : २०१२–१३ च्या दुष्काळात उजनी जलाशयाचं पाणी महिन्यागणिक किती आकसलं, ते हेक्टरमध्ये काढायचं आहे. लँडसॅट ७ ची चित्रं घेतली. हिरवा आणि लघु-अवरक्त बँड (त्या-त्या प्रकाशातली वेगळी चित्रं) वापरून पाण्याचा निर्देशांक काढला आणि शून्य किंवा जास्त म्हणजे पाणी धरलं, तर पट्टेच्या पट्टे पाण्यात आले. मग क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘फिल नोडेटा’ने फटी आधी भरून पाहिल्या, तर किनारा करवतीसारखा झाला. चूक कुठे आहे?
— स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सोलापूर

चुका दोन आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या. आधी पट्ट्यांत आलेलं पाणी पाहू. तुम्ही कलेक्शन २ ची लेव्हल २ (प्रक्रिया करून दिलेली) चित्रं घेतलेली दिसतात. त्यात साठवलेल्या आकड्याला ०.००००२७५ ने गुणून त्यातून ०.२ वजा केलं की परावर्तन, म्हणजे जमिनीने किती प्रकाश परत फेकला ते, मिळतं. फटीतला साठवलेला आकडा असतो ०. त्याला हेच सूत्र लावलं की येतं उणे ०.२, आणि तेही दोन्ही बँडमध्ये. आता निर्देशांक म्हणजे हिरवा वजा लघु-अवरक्त, भागिले दोघांची बेरीज. उणे ०.२ मधून उणे ०.२ गेले, उरलं शून्य. शून्याला उणे ०.४ ने भागलं, तरी शून्यच. म्हणजे जिथे माहितीच नाही तिथे निर्देशांक बरोब्बर ० येतो, आणि तुमच्या ‘शून्य किंवा जास्त’ या अटीत ती सगळी फट पाणी म्हणून मोजली जाते. वनस्पतींचा एनडीव्हीआय काढणाऱ्यांचंही असंच होतं. तिथे फट ‘ओसाड जमीन’ म्हणून गुपचूप हिशेबात शिरते.

मूळ फायलीत शून्याला ‘नोडेटा’ धरण्याची खूण असते, पण क्लिप करताना, मर्ज करताना किंवा पायथनमध्ये नुसते आकडे वाचताना ती पुसली जाते. म्हणून सूत्र लावण्याआधी मास्क करा, म्हणजे त्या जागा हिशेबातून झाका. क्यूए-पिक्सेल नावाच्या फायलीत फटीची किंमत १ असते. ती वापरा, शिवाय हिरव्या आणि लघु-अवरक्त अशा दोन्ही बँडमधली शून्यंही मास्कमध्ये धरा, कारण प्रत्येक बँडची फट एखाददुसऱ्या पिक्सेलने इकडेतिकडे असते. मग हा एकत्र मास्क सगळीकडून एक पिक्सेल वाढवा. प्रक्षेपण बदलायचंच असेल तर ‘निअरेस्ट नेबर’नेच (जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा घेऊन) बदला. बायलिनिअर किंवा क्युबिकमध्ये फटीतली शून्यं शेजारच्या चांगल्या पिक्सेलमध्ये मिसळतात आणि फटीभोवती काळपट किनार तयार होते. ती किनार नंतर कुठल्याही मास्कमध्ये सापडत नाही.

आता करवत. ‘फिल नोडेटा’ फटीच्या कडेचे पिक्सेल घेतो आणि जवळच्याला जास्त, लांबच्याला कमी असं वजन देऊन मधली किंमत काढतो. दोन-तीन पिक्सेलच्या भोकाला हे पुरतं. पण ४०० मीटरच्या फटीत एका कडेला पाणी आणि दुसऱ्या कडेला माळ असेल, तर मध्ये ‘अर्धं पाणी, अर्धा माळ’ अशा किमतींचा उतार तयार होतो. तुमची शून्याची रेघ त्या उताराला मध्येच कुठेतरी कापते. प्रत्येक फटीत असं होतं, म्हणून करवतीचे दात. स्मूदिंग वाढवून दात बोथट होतील, किनारा खरा होणार नाही.

जलाशयासाठी याहून चांगली वाट आहे आणि तिला रंग भरण्याची गरजच नाही. पावसाळा संपून धरण भरल्यावर पुढच्या पावसापर्यंत पाणी उतरतच जातं. रोजची पातळी जलसंपदा विभागाच्या नोंदींत मिळते. तुमच्या काळात मध्येच वरून पाणी सोडून पातळी वाढली नव्हती ना, ते तिथे तपासून घ्या. ती उतरतीच असेल तर तीन नियम लागू होतात :

फटीतली जागा नंतरच्या एखाद्या तारखेला पाण्याखाली असेल, तर ती आजही पाण्याखाली होती.

ती आधीच्या एखाद्या तारखेलाच उघडी पडलेली असेल, तर ती आजही उघडीच होती.

आधी पाणी आणि नंतर जमीन असेल, तर ती ‘अनिश्चित’.

आधीचं चित्र १६ दिवसांपूर्वीचंच हवं असं नाही. पाणी उतरायला लागल्यापासूनचं कुठलंही चालतं. दोन चित्रांच्या फटी एकमेकींवर आल्या तरी तिसरं-चौथं चित्र ती जागा दाखवतं. नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ मध्ये दर १६ दिवसांनी एक, म्हणजे नऊ-दहा चित्रं मिळू शकतात आणि त्या महिन्यांत आभाळही बहुतेक मोकळं असतं. एप्रिल २०१३ पासून लँडसॅट ८ ची अखंड चित्रं येऊ लागतात. ती ‘नंतरची’ म्हणून फार कामाची आहेत.

हिशेब असा मांडा. एक पिक्सेल म्हणजे ९०० चौरस मीटर, ०.०९ हेक्टर. समजा नक्की पाण्याचे पिक्सेल आले १,५०,०००, तर १३,५०० हेक्टर. अनिश्चित आले ४,०००, तर ३६० हेक्टर. उत्तर एका आकड्यात लिहू नका. ‘१३,५०० ते १३,८६० हेक्टर’ असं लिहा. या दोन आकड्यांतलं अंतर आणखी कमी करायचं असेल तर युरोपियन कमिशनच्या जेआरसी या संशोधन केंद्राचा जागतिक भूपृष्ठजल नकाशा घ्या. त्यात १९८४ पासून प्रत्येक ३० मीटरच्या तुकड्यावर किती टक्के वेळा पाणी दिसलं, ते दिलेलं आहे. जी जागा जास्त वेळा पाण्याखाली असते ती खोल, एवढं साधं तत्त्व. तुमच्या तारखेच्या चित्रात फटीबाहेर पाणी साधारण किती टक्क्यांच्या जागेपासून सुरू होतं ते पाहा. समजा ६४ टक्के. मग फटीतल्या अनिश्चित पिक्सेलपैकी ६४ किंवा जास्तवाले पाण्यात टाका, बाकीचे जमिनीत. हा उंबरठा जलाशयाच्या वरच्या टोकाला आणि भिंतीजवळ थोडा वेगळा निघतो, म्हणून जलाशयाचे तीन-चार तुकडे करून काढा.

उजनीत दोन गोष्टी फसवतात. एक गाळपेर. पाणी हटलं की उघड्या गाळात पेरणी होते आणि तिथली भिजलेली माती निर्देशांकात शून्याच्या आसपास घुटमळते. दुसरी जलपर्णी. ती तरंगते पाण्यावर, पण चित्रात दिसते शेतासारखी. दोन्हींसाठी शून्याचा उंबरठा आंधळेपणाने धरू नका. फटीबाहेरच्या पिक्सेलचा हिस्टोग्राम (कुठली किंमत किती वेळा आली त्याचा आलेख) काढून दोन उंचवट्यांमधल्या दरीवर उंबरठा ठेवा, आणि जलपर्णीचे भाग जवळ-अवरक्त बँड पाहून हाताने सोडवा. बातम्यांत ‘उजनी मायनसमध्ये’, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या खाली, असताना चित्रात भलंमोठं पाणी दिसलं तर दचकू नका. इथला मृतसाठाच सुमारे ६३ टीएमसी आहे.

प्रश्न : पुण्याचा २०१० चा जमीन-वापर नकाशा करायचा आहे. फटी दुसऱ्या चित्राने भरल्या, तर तिथे रंगाचे ठिगळ दिसतात. ठिगळ न दिसता कसं भरावं?
— नगररचना सल्लागार, पुणे

आधी पाहा, भरायची गरज आहे का. लँडसॅट ५ नोव्हेंबर २०११ पर्यंत चित्रं देत होता, लँडसॅट ७ च्या आठ दिवस पुढे-मागे. त्याचे बँड जवळपास तेच आणि त्यात फटी नाहीत. पाथ १४७, रो ४७ (पुण्याच्या चित्राचा क्रमांक) मध्ये तुमच्या मोसमाचं स्वच्छ चित्र मिळालं तर मुख्य चित्र तेच धरा आणि पुढचं सगळं विसरा.

नाहीच मिळालं, तर ठिगळ दिसण्याचं कारण असं की दोन तारखांना सूर्याची उंची, धुरकं आणि जमिनीचा ओलावा वेगळा असतो. नुसते आकडे उचलून चिकटवले की जोड दिसणारच. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने (यूएसजीएस) २००४ मध्ये सुचवलेली स्थानिक जुळवणी इथे चांगली चालते. फटीतल्या प्रत्येक पिक्सेलभोवती ३१ बाय ३१ ची खिडकी धरा. तिच्यात दोन्ही चित्रांत माहिती असलेले पिक्सेल वेचा. ते किमान १४४ हवेत. दोन्ही चित्रांची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. समजा मुख्य चित्रात सरासरी ६२, विचलन ८, आणि भरायच्या चित्रात सरासरी ७०, विचलन १०. गुणक म्हणजे ८ भागिले १०, ०.८. वाढ म्हणजे ६२ वजा ०.८ गुणिले ७०, म्हणजे ६. भरायच्या चित्रात त्या जागी ७५ असेल तर तुम्ही लिहायचं ०.८ गुणिले ७५ अधिक ६, म्हणजे ६६. हे प्रत्येक बँडसाठी वेगळं. गुणक एक-तृतीयांशाच्या खाली किंवा ३ च्या वर गेला तर त्यावर विश्वास ठेवू नका. गुणक १ धरा आणि फक्त सरासरीतला फरक मिळवा. ढग आणि ढगांच्या सावल्या दोन्ही चित्रांतून आधीच काढा. खिडकीत एक पांढरा ढग शिरला की विचलन फुगतं आणि अख्खी खिडकी बिघडते.

ही पद्धत कुठे हरते तेही कळून घ्या. तिचं गृहीतक असं की खिडकीतलं सगळं एकाच चालीने बदललं. दोन तारखांच्या मध्ये ऊस तुटला, तर त्या एका शेताचा पट्टा हिरवा आणि बाकीचं शेत उघडं, असं चित्र तयार होतं. पुण्याच्या पूर्वेला हडपसरच्या पुढे हे हमखास दिसेल. शेतीच्या भागासाठी म्हणून ‘शेजारचे सारखे पिक्सेल’ ही २०११ ची पद्धत बरी. ती सगळी खिडकी न घेता भरायच्या चित्रात त्या पिक्सेलसारखेच दिसणारे वीसएक शेजारी शोधते, आणि ते मुख्य चित्रात कसे बदलले ते पाहून अंदाज बांधते. शेतं तुकड्या-तुकड्यांची असतील तिथे फरक लगेच जाणवतो. मात्र एकटंच शेत तुटलं असेल, तर तीही चकते.

भरलेला प्रत्येक पिक्सेल कुठल्या तारखेचा आहे, याचा वेगळा एक बँड जपून ठेवा आणि नकाशासोबत द्या. वर्गीकरण शिकवण्यासाठीचे (प्रशिक्षणाचे) नमुने भरलेल्या पट्ट्यांतून कधीच घेऊ नका.

प्रश्न : जिल्ह्यातलं कपाशीचं क्षेत्र काढायला फटी भरल्याच पाहिजेत का?
— कृषी पदवीधर, यवतमाळ

नाही. उलट भरूच नका. अखंड पिक्सेलपैकी किती टक्के कपाशी, ते काढा आणि जिल्ह्याच्या एकूण क्षेत्राला लावा. फटी पिकं पाहून पडत नाहीत, त्यामुळे मोठ्या क्षेत्राला हा नमुना चालतो. चित्राच्या कडेला फटी जास्त असल्याने तालुकानिहाय टक्के काढून मग बेरीज करा. गावासाठी किंवा एकेका शेतासाठी मात्र हे चालणार नाही. एक एकर म्हणजे साडेचार पिक्सेल, तो अख्खाच फटीत जाऊ शकतो.

प्रश्न : फोटोशॉपमध्ये पट्टे निवडून ‘कंटेंट-अवेअर फिल’ केलं तर चित्र अगदी अखंड दिसतं. हे चालेल का?
— ग्राफिक डिझायनर, पणजी

भिंतीवरच्या पोस्टरला चालेल. त्यावरून काहीही मोजायचं असेल तर नाही. सॉफ्टवेअर शेजारची शेतं उचलून तिथे पेरतं आणि नसलेला रस्ताही छान जोडून देतं. शिवाय साधा जेपीजी करून सेव्ह केलं की चित्राचे अक्षांश-रेखांश जातात ते वेगळंच. पोस्टरच्या कोपऱ्यात ‘पट्टे कृत्रिमरीत्या भरले आहेत’ एवढी ओळ टाका.

प्रश्न : फटी नीट भरल्या गेल्या की नाही, हे तपासायचं कसं? खरं चित्र तर नाहीच.
— पीएच.डी. संशोधक, नागपूर

फट स्वतःच पाडा. त्याच भागाचं, त्याच महिन्यातलं अखंड चित्र घ्या : लँडसॅट ८ चं, किंवा मे २००३ च्या आधीचं लँडसॅट ७ चंच. त्यावर तुमच्या चित्रातला फटींचा मास्क जसाच्या तसा ठेवून पिक्सेल पुसा, तुमच्या पद्धतीने भरा आणि खऱ्या आकड्यांशी ताडा. भरायला वापरलेल्या चित्राचं तारखेतलं अंतरही खऱ्या कामात आहे तेवढंच ठेवा. आठ दिवसांच्या चित्राने चाचणी आणि ४८ दिवसांच्या चित्राने खरं काम, असं केलं तर चाचणीला अर्थ नाही.

चूक एका आकड्यात सांगू नका. फटीची रुंदी ५ पिक्सेलपर्यंत, ५ ते १० आणि १० च्या वर अशा तीन गटांत वर्ग-सरासरी-मूळ त्रुटी (आरएमएसई) वेगळी द्या. एकत्रित आकड्यात अरुंद फटी रुंद फटींचं अपयश झाकून टाकतात. वर्गीकरण हेच अंतिम काम असेल तर परावर्तनातल्या चुकीपेक्षा किती पिक्सेलचा वर्ग बदलला, ते मोजा.

प्रश्न : गडांचे उंचीनकाशे करताना एसआरटीएम या रडारने मोजलेल्या उंचीचित्रात कड्यांपाशी भोकं येतात. भरताना कडा गुळगुळीत होतो. उपाय?
— ट्रेकर, ठाणे

ती भोकं रडारची आहेत. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून हे मोजमाप झालं तेव्हा यानातून तिरका जाणारा रडार किरण कड्यामागे पोचलाच नाही. न भरलेल्या आवृत्तीत तिथे उणे ३२७६८ हा आकडा असतो. तो नोडेटा म्हणून नोंदवला नाही तर उताराच्या नकाशात प्रत्येक भोक ही विहीर होते.

नुसत्या अंतर्वेशनाने (शेजारच्या किमतींवरून मधली किंमत काढून) कडा घसरगुंडी होणारच, कारण कड्याच्या वरची आणि खालची उंची जोडणारी सरळ रेघ म्हणजे उतार. फरकाचा पृष्ठभाग वापरा. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचं ३० मीटरचं उंचीचित्र घ्या, ते एसआरटीएमच्याच जाळीवर बसवा, दोन्हींतला फरक काढा. भोकात अंतर्वेशन उंचीचं न करता या फरकाचं करा आणि मग तो कोपर्निकसच्या उंचीत मिळवा. कड्याचा आकार कोपर्निकसकडून येतो आणि जोडावर पायरी राहत नाही. एसआरटीएमची उंची ईजीएम ९६ या समुद्रसपाटीच्या आधारपातळीवर आहे आणि कोपर्निकसची ईजीएम २००८ वर. तो फरकही याच कृतीत आपोआप निघून जातो. इतका खटाटोप नको असेल तर एसआरटीएमचंच नव्याने प्रक्रिया करून भरलेलं रूप, नासाडेम, सरळ वापरा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या सरळसोट जागी मात्र ३० मीटरची कुठलीही जाळी कडा खराखुरा दाखवत नाही. तिथे कड्याची रेघ हाताने काढा.

प्रश्न : सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्राची अर्धी रिकामी टाइल (ठरावीक चौकोन) शेजारच्या तारखेच्या चित्राने भरली, तर जोडावर स्पष्ट उजेडाची पायरी दिसते. दोन्ही दिवशी आभाळ मोकळं होतं.
— जीआयएस तंत्रज्ञ, कोल्हापूर

दोन चित्रांच्या तारखा २५ जानेवारी २०२२ च्या दोन बाजूंना आहेत का, ते पाहा. त्या दिवसापासून नव्या प्रक्रियेत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. जुन्या चित्रात परावर्तन म्हणजे आकडा भागिले १०,०००. नव्यात आधी १००० वजा करायचे, मग भागायचं. जुनी चित्रंही नव्याने प्रक्रिया होऊन आलेली असू शकतात, म्हणून तारखेवर जाऊ नका. फायलीच्या नावात ‘एन’नंतरचे चार आकडे पाहा. ०४०० किंवा पुढचे असतील तर १००० वजा करा. वजाबाकी नोडेटाच्या शून्याला मात्र लावू नका, नाहीतर टाइलच्या रिकाम्या अर्ध्या भागात सगळीकडे उणे ०.१ येईल.